अपर्णा आणि अन्नपूर्णा



इंदूरच्या अन्नपूर्णा मंदिराच्या महाद्वाराशी चार भव्य हत्ती उभे आहेत. आत मात्र हाती पळी घेतलेली तीच देवी, जिची लहान मूर्ती मराठी आई सासरी निघालेल्या लेकीला देते.

शिवाने अन्नाला माया म्हटले, म्हणून देवी गुप्त झाली. जग उपाशी पडले आणि काशीत शिव भिक्षापात्र घेऊन तिच्या दारी आले, अशी कथा आहे. नवरा हरला, असे सांगून कीर्तनात हशा पिकवतात. तो अर्थ उथळ आहे. कालिदासाने कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात याच देवीचे तप वर्णिले आहे. आपोआप गळालेली पानेही तिने वर्ज्य केली, म्हणून ती अपर्णा. जिची हाव सुटली तिच्याच हाती पळी आली.

शरणांनी हे जगून दाखविले. कल्याणात आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणीत व पत्नी लक्कम्मा त्यांवर जंगमदासोह चालवीत. दासोह म्हणजे ‘दासोऽहम्’; इथे वाढणारा दास असतो. (आमच्या दासोहात मात्र तांदळाची पोती कोणी दिली, हे ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते!) एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते शिजविले नाहीत. ही हाव कुठून आली, असे त्यांनी पतीलाच विचारले. मारय्या जास्तीचे तांदूळ होते तेथे टाकून आले.