उन्हाळी फळांची वाटी : पनीर, शेंगदाणे आणि ब्रिक्सचा हिशेब
(गृहजीवन अभ्यासपाठ)



गळिताची धांदल संपली की घरात दोन गोष्टी हटकून दिसतात. पोरंबाळं सुट्टीला घरी असतात, आणि उन्हाच्या तडाख्यानं कुणाला जेवण जात नाही. सकाळी खोडव्याला पाणी देऊन आलेला गडी भाकरीचा अर्धा तुकडा मोडतो, तांब्याभर पाणी पितो आणि आडवा होतो. पोरं बर्फाचा गोळा आणि रंगीत सरबत मागतात. अशा दिवसांत अंगाला बळ देईल, पचायला जड जाणार नाही आणि आपल्याच बांधावरून, गोठ्यातून नि कणगीतून उभा राहील असा पदार्थ कोणता, ह्याचा विचार आम्ही या पाठात करणार आहोत. पदार्थ सोपा आहे : ताजी फळे, घरचे पनीर आणि भाजलेले दाणे. शहरात ह्याला फ्रूट सॅलड म्हणतात. आपण फळांची कोशिंबीर म्हणू.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. ह्या पदार्थात साखर घालायची नाही. साखर कारखान्याच्या पत्रिकेनं असं सांगावं ह्याचं काहींना नवल वाटेल. पण जो माल आपण पिकवतो त्याची योग्य जागा आपल्यालाच ठाऊक हवी.

१. पनवेलच्या बाजारापासून काय घ्यावे?

मुंबईला जाणाऱ्या सभासदांना पनवेल नवे नाही. बोरघाट उतरून येणारा पुण्याचा रस्ता आणि गोव्याकडे जाणारा रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. शेजारी कळंबोलीला लोखंड-पोलादाचा मोठा बाजार आहे. आपल्या भागातली कितीतरी मुले त्या बाजूला नोकरीधंद्याला आहेत. एप्रिल-मे महिन्यांत तिकडे गेलात तर फळांकडे जरा लक्ष देऊन बघा.

रायगड जिल्ह्यात भाताची कापणी झाली की खाचरांत कलिंगडे लावतात. ती उन्हाळ्यात रस्त्याकडेला ढिगानं येतात. ताडगोळे येतात. हापूस तर आहेच. रायगडच्या हापूसला रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जोडीने २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि कर्नाळ्याच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी बाया करवंदे, जांभळे असा रानमेवा टोपलीत घेऊन बसतात, पानावर वाटे लावून विकतात. ती फळे कुणी लावलेली नाहीत, त्यांना खत नाही की फवारणी नाही. तोडायला मात्र उन्हातान्हात काट्याकुट्यांत हात घालावा लागतो. म्हणून त्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नये, एवढे जाता जाता सांगतो.

ह्या बाजारातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की गोड, आंबट आणि तुरट अशी फळे एकत्र आली की तोंडाला चव येते. नुसत्या गोड फळांचा लवकर कंटाळा येतो. दुसरा धडा असा, की कोकणात काय नि घाटावर काय, रस्त्यावरच्या फळाला लोक तिखट-मीठच लावतात, साखर लावत नाहीत. कैरीच्या फोडीला, पेरूला, काकडीला मीठच लागते. उन्हात घामावाटे अंगातले मीठ जाते, त्यामुळे चिमूटभर मीठ जिभेला गोड लागते. ग्रीस देशातही उन्हाळ्यात कलिंगडाबरोबर मेंढीच्या दुधाचे खारट चीज खातात. म्हणजे फळाशेजारी खारट दुधाचा पदार्थ ठेवण्यात नवखे असे काही नाही.

२. फळातली साखर

उसाची पक्वता बघायला शेतकी खात्याचे कर्मचारी हातातल्या ब्रिक्समापीत रसाचा थेंब टाकून आकडा वाचतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तीच ब्रिक्समापी फळालाही चालते. चांगल्या उसाचा रस साधारण १८ ते २२ ब्रिक्स दाखवतो. उत्तम पिकलेला हापूस १८ ते २० च्या घरात जातो, आणि चांगले कलिंगड १० ते १२ दाखवते. एवढेच नव्हे, तर पिकलेल्या आंब्यातल्या साखरेचा मोठा वाटा सुक्रोजचा असतो. तीच आपल्या उसातली साखर! मग पिकल्या आंब्यावर आणखी साखर भुरभुरायची म्हणजे भरल्या पाटाला पुन्हा मोटेचे पाणी सोडण्यासारखे झाले.

साखर घातल्याने दुसरेही नुकसान होते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. साखरेनेही तेच होते. ती फोडीतले पाणी बाहेर ओढते. पंधरा-वीस मिनिटांत वाटीच्या तळाशी पाक जमतो आणि फोडी मऊ पडतात. मुरंब्यात आपल्याला हेच हवे असते, कारण तिथे साखर पाणी बांधून ठेवते आणि फळ वर्षभर टिकते. ताज्या फळात ते नको असते.

तिसरे कारण प्रकृतीचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सांगितले, की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस ह्यांतून मिळणारी शक्ती दिवसाच्या एकूण आहाराच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगले. साधारण आहाराच्या मोठ्या माणसाला १० टक्के म्हणजे जवळपास ५० ग्रॅम. चहाचा चमचा चार-पाच ग्रॅमचा धरा आणि आपले दिवसभराचे चहा मोजा. बहुतेकांचा हिशेब चहातच पुरा होतो. सबंध फळ चावून खाल्ले तर त्यातली साखर ह्या मर्यादेत धरत नाहीत. रस काढला की मात्र ती धरावी लागते. म्हणून फळ चावून खावे हे बरे.

३. साहित्य (सहा माणसांसाठी)

कलिंगडाच्या फोडी ४ वाट्या, पिकलेले मध्यम आंबे २, केळी २, पिकलेली करवंदे किंवा बिया काढलेली जांभळे अर्धी वाटी, मिळाले तर ताडगोळे ४-५. पनीरसाठी दूध १ लिटर. भाजून सोललेले शेंगदाणे अर्धी वाटी, घरात असतील तर काजूचे थोडे तुकडे. लिंबे २, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, पुदिन्याची पाने.

आपल्याकडे करवंदे मिळाली नाहीत तर अडू नये. डाळिंबाचे दाणे, उशिराची द्राक्षे, खरबूज, चिकू, जे बांधावर किंवा आठवडी बाजारात मिळेल ते घ्यावे. एक फळ मात्र आंबटसर असू द्यावे. बदाम-पिस्ते नाहीत म्हणूनही थांबू नये. आपल्या रानातला भुईमूग ह्यात कुठेही कमी नाही. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात.

४. पनीर कसे करावे

दूध उकळून खाली उतरवावे. दोन-तीन मिनिटे थांबावे. एका लिंबाच्या रसात तेवढेच कोमट पाणी मिसळून ते चमचा-चमचा करून दुधात घालावे आणि हलक्या हाताने ढवळावे. हिरवट, नितळ पाणी वेगळे झाले की रस घालणे थांबवावे. जास्त घातला तर पनीर आंबट आणि चिवट होते. स्वच्छ फडक्यात ओतून वरून गार पाणी घालावे, म्हणजे आंबटपणा जातो. अर्धा तास टांगून ठेवावे, मग फडक्यासकट ताटलीत ठेवून वर वजन ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासात वडी पडते.

गाईच्या लिटरभर दुधाचे साधारण दीडशे ग्रॅम पनीर पडते, म्हशीच्या दुधाचे दोनशेच्या आसपास. उरलेली निवळी टाकू नये. कणीक भिजवायला किंवा आमटीत ती कामाला येते. विकतचे चीज वापरायचे असेल तर त्यात मीठ असते हे लक्षात ठेवून वरचे मीठ घालू नये.

५. फळांची तयारी आणि मिसळणे

आंबे तासभर पाण्यात घालून ठेवावेत, देठाचा चीक धुऊन काढावा. कलिंगड चिरण्याआधी वरची साल धुवावी. तिच्यावरची माती सुरीबरोबर आत जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कार्बाइडने पिकवलेला आंबा घेऊ नये. त्या रीतीला कायद्याने बंदी आहे. घरी अढीत पिकवलेला आंबा सर्वांत चांगला.

केळी शेवटी चिरावीत आणि लगेच लिंबाचा रस लावावा. चिरलेल्या केळ्याला वारा लागला की ते काळे पडते, लिंबाच्या आंबटपणाने ते थांबते. अननस वापरायचा तर तो पनीरला वाढतेवेळीच लावावा. अननसात दुधातली प्रथिने तोडणारा पदार्थ असतो, त्यामुळे तासाभराने पनीर कडवट लागू लागते.

फळे, पनीरचे तुकडे, जिरेपूड, मिरपूड आणि पुदिना एकत्र करावेत. मीठ आणि दाणे अगदी वाढतेवेळी घालावेत. मीठ आधी घातले तर पाणी सुटते आणि दाणे मऊ पडतात. चिरल्यापासून दोन तासांच्या आत संपवावे. उन्हाळ्यात चिरलेले फळ उघडे ठेवून संध्याकाळी पोरांना देऊ नये.

६. हिशेब

नुसत्या फळांच्या वाटीत जेमतेम ग्रॅमभर प्रथिने असतात. वरच्या प्रमाणात पनीरमधून माणशी सुमारे ५ ग्रॅम आणि दाण्यांतून सुमारे ३ ग्रॅम मिळतात. म्हणजे वाटीमागे आठ-नऊ ग्रॅम, एका अंड्याहून जास्त. वाढत्या पोरांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हे मोलाचे आहे. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे दाण्यातले लोह अंगी लागायलाही मदत होते.

आता खरा मुद्दा. वारणानगरसारख्या ठिकाणी साखर कारखान्याच्या जोडीने सहकारी दूध संघ उभे राहिले आणि गोठ्याला रोजचा पैसा मिळू लागला. ते चांगलेच झाले. पण त्याबरोबर पुष्कळ घरांत किटली पुरी भरून डेअरीला जाऊ लागली आणि घरच्या पोरांच्या वाट्याला काळा चहा आला. आंब्याची पेटी बाजारात, घरी डागी आंबा. भुईमूग व्यापाऱ्याला, घरी पोचट दाणा. दुधाचे पैसे हातात दिसतात. अशक्त पोर आणि रक्त कमी असलेली बाई मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही. आठवड्यातून एक लिटर दूध आणि अर्धी वाटी चांगला दाणा घरासाठी बाजूला काढला तर कुठल्याही सभासदाचे दिवाळे निघणार नाही.

७. कोणी सांभाळावे

मधुमेह असलेल्यांनी केळे-आंबा कमी घ्यावा, दाणे व पनीर जास्त घ्यावे आणि डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खा दाणा, काजू किंवा अख्खे द्राक्ष देऊ नये, श्वासनळीत अडकते. दाण्याचा कूट करून द्यावा. दाण्याने कुणाला अंगावर पित्त उठत असेल तर त्याला दाणा वर्ज्यच. बुरशी धरलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाकावेत. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही. घरातली वडीलधारी मंडळी दूध आणि फळ एकत्र नको म्हणतात, आयुर्वेदातही तसे सांगितले आहे. दुसरीकडे आपणच शिकरण आवडीने खात आलो. ज्यांना पथ्य पाळायचे त्यांनी पनीर वेगळ्या वेळी खावे, त्यावरून घरात वाद नको.

उजळणीसाठी प्रश्न

१. मुरंब्यात साखर चालते, ताज्या फळात का नको?
२. मीठ आणि दाणे शेवटी का घालावेत?
३. कलिंगड चिरण्याआधी का धुवावे?
४. आपल्या घरचे दूध, फळे आणि दाणे ह्यांपैकी आठवड्याला किती विकले जाते आणि किती घरी राहते? वहीत लिहून काढा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊ शकत नाही. ते ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून ते लिहावे, आणि पनीर बांधायचे काम एखाद्या रविवारी घरच्या कारभाऱ्यानेही करून बघावे. उसाला वेळेवर पाणी देणाऱ्याला दुधात वेळेवर लिंबू पिळणे काही अवघड जाणार नाही.