रेडकांचे पोषण : नफा कशावर ठरतो?

थोड्या भांडवलात जोडधंदा म्हणून नर रेडके घेऊन चार-पाच महिने पोसायची आणि अंगाने भरली की विकायची, हा व्यवसाय आपल्या अनेक भाईबंदांच्या आवाक्यातला आहे. कोणी त्यात चार पैसे मिळवतो, तर कोणी मुद्दलही गमावून बसतो. हा फरक केवळ नशिबाचा नसतो. तो कोणत्या गोष्टींनी पडतो, याचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशी-रेड्यांवर अशी सरसकट बंदी नाही. म्हणून हा धंदा रेडकांपुरताच ठेवावा. सीमेवरील व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्याने १३ वर्षांखालील म्हशी-रेडेही बंदीत आणले आहेत. बाजार समितीची खरेदी पावती, पशुवैद्यकाचा दाखला आणि जनावरे वाहण्यास परवानगी असलेली गाडी यांशिवाय एकही जनावर रस्त्यावर आणू नये. एक गाडी अडली तर वर्षाची कमाई जाते, शिवाय जिवालाही धोका असतो.

खरेदी

नफ्याची पहिली पायरी बाजारातच चढायची असते. गोठेवाल्याला दूध विकायचे असते, म्हणून नर रेडकाच्या वाट्याला दूध कमी येते आणि ते हडकते. असे उपाशी पण निरोगी रेडकू घ्यावे. छाती रुंद, पाय सरळ, डोळे तेजदार आणि नाकपुडी ओलसर असावी. शेपटीखाली हगवणीचे डाग असतील किंवा पोट सुटून अंगावरचे केस राठ झाले असतील, तर स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी न करता टेपने करावा. छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. घेर ५० व लांबी ४४ इंच असेल तर वजन सुमारे १६७ किलो येते.

चारा आणि हिशेब

खर्चाचा मोठा भाग चाऱ्याचा असतो. रेडकाला त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा आहार रोज लागतो. कुट्टी केलेला कडबा, थोडी हिरवी वैरण, मक्याचा भरडा, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा, मीठ व खनिज मिश्रण एवढे पुरते. खुराक एकदम वाढवू नये, पोट फुगते. आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा.

समजा, रोजचा चारा ६० रुपयांचा आहे. वाढ रोज ५०० ग्रॅम असेल तर एक किलो वजन १२० रुपयांना पडते. वाढ २५० ग्रॅमच असेल तर तेच २४० रुपयांना पडते. म्हणजे खुराकात काटकसर केली की बचत होतेच असे नाही. दर पंधरा दिवसांनी टेप लावावी. वाढ मंदावली की आणखी भावाची वाट न पाहता जनावर विकावे.

आरोग्य

नवे जनावर पंधरा दिवस वेगळे बांधावे आणि येताच जंतनाशक द्यावे. लाळ-खुरकूत, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी वेळेवर टोचाव्यात. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीच हवी. म्हशीच्या जातीला घाम कमी येतो, म्हणून उन्हाळ्यात सावली आणि अंगावर पाणी नसेल तर जनावर खात नाही आणि वाढतही नाही.

बाजार

कुर्बानीचा बाजार धरून पोसणाऱ्यांनी वयाचा हिशेब आधी करावा. रेड्याला पूर्ण दोन वर्षे झालेली असावीत आणि तो निर्दोष असावा. वर्षाचे रेडकू पाच महिने पोसले तरी कुर्बानीस चालणार नाही. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, त्याप्रमाणे खरेदीचा महिनाही सरकवावा.

भांडवल

सावकाराच्या व्याजाने हा धंदा करू नये. व्याज हराम आहेच, शिवाय चार महिन्यांचा नफा तेच खाऊन टाकते. एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत, अशी मुदारबत करता येते. तीत नफ्याचा वाटा आधी ठरवावा, पण ठराविक रक्कम ठरवू नये. मेहनत करणाऱ्याची हयगय नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलदाराने सोसावा. करार मात्र लेखी असावा.

सुरुवात दोन-तीन रेडकांनीच करावी. प्रत्येकाची खरेदी, चारा, औषध आणि विक्री वहीत स्वतंत्र मांडावी. पहिल्या खेपेचा हिशेब जुळला तरच दुसऱ्या खेपेला हात घालावा. चोख हिशेब आणि खरे माप यांतच बरकत आहे.