गोबर गॅसच्या हौदातील सहकार

(इयत्ता सहावी व सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पाठासाठी)

आरोग्याच्या पाठांतून मुलांना जंतूंचा परिचय होतो तो पटकी, विषमज्वर आणि क्षय या रोगांच्या निमित्ताने. साहजिकच ‘जंतू म्हणजे शत्रू’ ही समजूत त्यांच्या मनात घर करते. दह्याचे उदाहरण देऊन पुष्कळ शिक्षक ही समजूत दूर करतात. ते योग्यच आहे. परंतु एक महत्त्वाची गोष्ट बहुधा सांगावयाची राहून जाते. सूक्ष्मजीवांच्या निरनिराळ्या जाती एकमेकींच्या आधाराने राहतात, आणि त्या सोबतीतून जे काम होते ते एकट्यादुकट्या जातीच्या हातून होत नाही. हे शिकविण्यास गावातील गोबर गॅसच्या हौदाइतके सोयीचे साधन दुसरे नाही.

पाठाचा आरंभ डबक्यापासून करावा. पालापाचोळा कुजलेल्या डबक्याचा गाळ काठीने ढवळला की बुडबुडे वर येतात, हे मुलांनी पाहिलेलेच असते. इ. स. १७७६ मध्ये इटलीतील शास्त्रज्ञ व्होल्टा याने माजोरे सरोवराच्या काठच्या गाळातून हाच वायू गोळा केला व तो पेटतो असे दाखविले. आपल्याकडे १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल यांनी शेणाच्या हौदावर तरंगती टाकी बसविण्याची रचना पुढे आणली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुढे तिचा प्रसार केला. इतिहास एवढा पुरे. वेळ द्यावयाचा तो हौदाच्या आत काय चालते यासाठी.

शेण व पाणी सारख्या प्रमाणात कालवून हौदात सोडतात. तेथे हवेचा शिरकाव नसतो. शेणात न पचलेल्या वैरणीचे धागे असतात. सूक्ष्मजीवांचा पहिला गट हे धागे तोडून त्यांची साखर करतो. दुसरा गट साखरेपासून निरनिराळी आम्ले, थोडे मद्यार्क, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. तिसरा गट त्यांपैकी मोठ्या आम्लांचे शिरक्याच्या आम्लात, म्हणजे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतो. त्यातही हायड्रोजन सुटतो. शेवटचा गट मिथेन करणाऱ्यांचा. यांतील काही शिरक्याच्या आम्लापासून, तर काही हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांपासून मिथेन बनवितात. चुलीत जळतो तो हाच मिथेन. गोबर गॅसमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ५० ते ६५ टक्के असते. बाकीचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे, कारण पाठाचे मर्म पुढे आहे. तिसऱ्या गटाचे काम हायड्रोजन साचू लागला की अडते. तो सतत कोणीतरी उचलून नेला तरच ते पुढे चालते. खळ्यावर मळलेला माल उचलणारा कोणी नसेल तर मळणी थांबवावीच लागते, तसेच हे. हायड्रोजन उचलणारा गडी म्हणजे मिथेन करणारा सूक्ष्मजीव. तो हायड्रोजनवर जगतो, आणि त्याच्या जेवण्यामुळेच शेजाऱ्याचे काम सुरू राहते.

ही जोडी किती एकजीव असते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मद्यार्कापासून मिथेन करणारा एक सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कित्येक वर्षे वाढविला होता व त्याला एकच नावही दिले होते. १९६७ मध्ये अमेरिकेतील ब्रायंट, वोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की तो एक नसून दोन आहेत. एक मद्यार्कातून हायड्रोजन काढतो, दुसरा त्याचा मिथेन करतो. मिथेन करणाऱ्यांना तर आता शास्त्रज्ञ जीवाणूंतही गणत नाहीत. १९७७ मध्ये कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी त्यांचे कूळच वेगळे असल्याचे दाखवून दिले. हा तपशील हुशार मुलांपुरता ठेवण्यास हरकत नाही.

एवढे समजले म्हणजे हौद ‘रुसतो’ का, हेही उमगते. लग्नकार्यातील उरलेला भात एकदम हौदात ओतला जातो. पहिले दोन गट झपाट्याने काम करणारे. ते आम्लाचा ढीग घालतात. मिथेन करणारे सावकाश वाढणारे व आम्लाने हैराण होणारे. ते मागे पडतात, हायड्रोजन साचतो, आम्ल आणखी वाढते, आणि घरच्या बाईला पुन्हा धुराच्या चुलीपुढे बसावे लागते. गोठा फिनेलने धुऊन ते पाणी हौदात सोडले तरीही हाच परिणाम होऊ शकतो. कडक थंडीतही काम मंदावते. अशा वेळी हौद निकामी झाला असे समजून सोडून देऊ नये. काही दिवस भर घालणे थांबवावे, बेताने चुन्याची निवळी घालावी आणि चालू हौदातील मळी विरजणासारखी आणून मिसळावी. पुष्कळदा तेवढ्याने गॅस पुन्हा सुरू होतो.

वर्गात याचा खेळ करता येतो. मुलांच्या चार रांगा कराव्यात व चिंचोके पहिल्या रांगेकडून चौथीकडे एकेक करून पोचवावेत. कोणाही मुलाने हातात दोनपेक्षा अधिक चिंचोके धरू नयेत. मग चौथ्या रांगेस न सांगता थांबण्याची खूण करावी. तिसरी रांग क्षणात अडते, मग दुसरी. का अडली, हे मुलांनाच विचारावे. उत्तर शिक्षकांनी सांगू नये.

प्रयोगासाठी प्लॅस्टिकची बाटली निम्मी शेणकाल्याने भरून तोंडाला फुगा घट्ट बांधावा व उबदार जागी ठेवावी. काचेची बाटली बूच लावून बंद करू नये. ती फुटण्याचा संभव असतो. फुगा किती फुगला याची नोंद मुलांनी रोज ठेवावी. आरंभीच्या वायूत मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच असतो. फुग्यातील वायू पेटवून पाहण्याचा मोह शिक्षकांनीही टाळावा.

हौद पाहण्यास मुलांना नेले असता जवळ काडी ओढू देऊ नये. रिकामा दिसणाऱ्या हौदातही कोणास उतरू देऊ नये; आत प्राणवायू नसतो आणि विषारी वायू असू शकतो, आणि अशा हौदात उतरून माणसे दगावलेली आहेत. ही सूचना फळ्यावर लिहून मुलांकडून वहीत उतरवून घ्यावी व घरी वाचून दाखविण्यास सांगावे.