खेळ हाताच्या मापाचा करा

भिवंडीत हाताला इजा होणे नवीन नाही. यंत्रमागाच्या गिअरमध्ये बोट सापडते, उडालेला धोटा मनगटावर बसतो. जखम भरते, पण बोट पूर्ण मिटत नाही, अंगठा हवा तसा वळत नाही. असा तरुण पाळी सुटल्यावर मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा खेळ उघडतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘आधी हात सांभाळ, गेम नंतर.’ काळजी रास्त आहे. तरीही खेळ तोडण्यापेक्षा तो हाताच्या मापाचा करून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळल्याने हात सुधारतो का? पक्षाघाताच्या रुग्णांवरील 72 चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने 2017 मध्ये घेतला. नेहमीच्या व्यायामाऐवजी व्हिडिओ गेम दिले तर हाताला वेगळा फायदा दिसला नाही; व्यायामाच्या जोडीला दिले तेव्हा मात्र दिसला, कारण हात एकूण जास्त वेळ हलला. यंत्रमागावर जखमी झालेला हात आणि पक्षाघाताचा हात एक नव्हेत. शिवाय टचस्क्रीनवर अंगठा जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणून गोळीबाराचा खेळ म्हणजे फिजिओथेरपी असे कोणी समजू नये. पण मित्रांच्या टोळीत पुन्हा सामील होणे हेही बरे होण्याचा भाग आहे, आणि त्यासाठी हाताला वेदना देण्याची गरज नाही.

त्यासाठी आधी गेमची सेटिंग उघडा. गोळी झाडण्याचे बटण निकामी बोटाखालून काढून चांगल्या बोटाखाली आणा आणि मोठे करा. सेन्सिटिव्हिटी वाढवली की अंगठा थोडा हलवूनही नेम फिरतो. बोटे आखडलेली पण मनगट ठणठणीत असेल, तर जायरोस्कोप चालू करून फोन कलवून नेम धरा. मनगटच दुखत असेल, तर जायरोस्कोप बंद ठेवून फोन स्टँडवर लावा. निदान त्याचे वजन तरी हातावर येणार नाही. ‘खास उपकरणे आपल्याला कुठली परवडणार?’ असे विचाराल. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये काढलेला एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर पाय, कोपर किंवा हनुवटीने दाबायच्या बटणांना जोडता येतो, आणि तो खरोखर महाग आहे. पण वर सांगितलेल्या सेटिंगला एक रुपयाही लागत नाही.

खेळाच्या नादात हात जास्त ताणला जाण्याची भीतीही खोटी नाही. बारा तासांची पाळी करून आलेल्या हाताला विश्रांती हवीच, म्हणून प्रत्येक डावानंतर फोन खाली ठेवून बोटे सावकाश उघडा-मिटा. टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) शिवला असेल, तर पहिले सहा आठवडे तो सहज तुटू शकतो. सर्जनने परवानगी दिल्याशिवाय त्या हाताने खेळू नका. मुंग्या, सूज किंवा रात्री ठणका सुरू झाला, तर खेळ थांबवून तपासणी करून घ्या. मुंबईत हाजी अलीला 1955 पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथल्या किंवा जवळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाताना गेम असलेला फोन सोबत न्या आणि कोणते बटण कोणत्या बोटाने दाबता, ते प्रत्यक्ष दाखवा. त्यांना ते कळले, तरच कोणत्या बोटाला विसावा द्यायचा आणि कोणत्या बोटाला कामाला लावायचे, हे नेमके सांगता येईल.