आमची आगगाडी मध्येच हळू का व्हायची?



दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला मामाकडे गेलो होतो. तिथे कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली सुरू झाले. ते पाहून मी लई खूश झालो. मग मामाने मला रुळांवर चालणारी खेळण्यातली आगगाडी घेऊन दिली.

आपल्या किल्लारीत रेल्वे नाही. म्हणून गाडी बघायला सगळी गल्ली जमली. आजोबा म्हणाले, "लातूरला आधी अशीच लहान गाडी होती." ती बार्शी लाईट रेल्वे. ती १९११ साली लातूरला आली. तिच्या दोन रुळांत फक्त अडीच फूट अंतर होते. आता तिथे रुंद रूळ आहेत.

आठ दिवसांनी आमची गाडी बिघडली. कधी जोरात पळायची, तर कधी मुंगीसारखी चालायची. मला वाटले, पहिलीतल्या माझ्या भावानेच मोडली. मी त्याला मारले. तो रडत म्हणाला, "दादा, म्या काय बी केलं नाही." आजोबा म्हणाले, "लेकराला कशाला मारायलास? आधी बघ, गाडी कुठं अडायली."

गाडी कशी चालते : चार सेलच्या डबीतून वीज एका रुळात येते. तिथून चाकांतून इंजिनातल्या मोटारीत जाते आणि दुसऱ्या रुळातून परत डबीत येते. ही वाट मध्येच तुटली की मोटार हळू होते.

साहित्य : नवे सेल, खडू, सुती फडके, स्पिरिट, बॅटरीचा बल्ब, दोन तारा.

कृती व निरीक्षण :
१) नवे सेल घातले. फरक पडला नाही.
२) गाडी जिथे हळू झाली तिथे जमिनीवर खडूने खूण केली. असे दहा फेरे केले. बऱ्याच खुणा कुठेही पडल्या. पण एका तुकड्यापाशी खुणांची गर्दी झाली. बाई म्हणाल्या, "दोष एकाच जागी दिसला तर रूळ तपासा. कुठेही दिसला तर इंजिन तपासा." आमच्याकडे तर दोन्ही होते!
३) त्या तुकड्यावर बल्बच्या तारा टेकवल्या. बल्ब लुकलुक करत होता. तुकड्याचे दोन्हीकडचे सांधे ढिले होते. पट्ट्या दाबून घट्ट केल्या. बल्ब नीट लागला.
४) इंजिन उलटे केले. चाकांवर काळा चिकट थर होता. आसाला घोंगडीची लोकर गुंडाळली होती. लोकर काढली. सेल काढून चाके आणि रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसले. ते वाळल्यावर गाडी सुरू केली. गाडी एकसारखी धावू लागली.

अनुमान : मळामुळे आणि ढिल्या सांध्यामुळे वीज नीट पोचत नव्हती.

आता खरे सांगतो. गाडी जोरात पळावी म्हणून मीच रुळांना खोबरेल तेल लावले होते. तेलाला धूळ चिकटली अन् तोच थर चाकांवर बसला. घोंगडीवर गाडी पण मीच चालवली होती. भावाचा काहीच दोष नव्हता. मी त्याची माफी मागितली. आता गाडीचे बटण तोच दाबतो.

सूचना : रुळांना तेल लावू नका. गाडीच्या तारा घरच्या विजेच्या बोर्डात कधीही घालू नका.

बोध : आधी दोष शोधावा. न शोधता कोणाला दोष देऊ नये.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी