स्वरज्ञान आणि अंतःकर्ण

स्वराची उच्चनीचता कानात नेमकी कोठे उमगते, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत. कारण चिकित्सेतील एका महत्त्वाच्या निर्णयाशी त्याचा निकट संबंध आहे.

कर्णपटल व मध्यकर्णातील तीन अस्थी ध्वनिकंपने पुढे पोहोचवितात. स्वरांचे पृथक्करण मात्र अंतःकर्णातील शंखाकृती नलिकेत, म्हणजेच कॉक्लियात, सुरू होते. सुमारे अडीच वेढ्यांच्या या नलिकेत जवळपास ३५ मिलिमीटर लांबीचा एक पडदा असतो. तो मुळाशी अरुंद व ताठ, तर टोकाशी रुंद व शिथिल असतो. त्यामुळे तार स्वराने मुळाकडील भाग अधिक कंप पावतो, मंद्र स्वराने टोकाकडील. या पडद्यावरील कंपनलहरीच्या संशोधनासाठी जॉर्ज फॉन बेकेसी यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावरील केशपेशी ही कंपने मज्जातंतूंकडे सोपवितात. मनुष्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

वार्धक्यात बहुधा मुळाकडील केशपेशी प्रथम क्षीण होतात. म्हणून ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार येते. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटतात. तंबोऱ्याचा एकच षड्ज दोन कानांत निरनिराळा भासत असेल, तर दोष बहुधा कॉक्लियात असतो.

सुश्रुतसंहितेत अठ्ठावीस कर्णरोगांत बाधिर्याची गणना असून कर्णपूरणाचे विधानही आहे. तथापि अखंड कर्णपटलातून तेल अंतःकर्णापर्यंत पोहोचत नाही आणि पटलास छिद्र असल्यास तेल घालणे अहितकारक ठरते. एका कानाचे श्रवण अकस्मात, दोन-तीन दिवसांत, मंदावले असेल तर ती आत्ययिक अवस्था समजावी. मळ नाही याची खात्री करून नादकाटा कपाळाच्या मध्यावर ठेवावा. नाद निरोगी कानाकडे ऐकू आल्यास अंतःकर्ण किंवा मज्जातंतू विकृत असल्याचा संशय घ्यावा व रुग्णास त्याच दिवशी कर्णरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. स्टेरॉइड चिकित्सा शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू व्हावी लागते.

औषधविक्रेत्या बंधूंनीही कर्णतेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : त्रास केव्हापासून? एका कानास की दोन्ही? कान वाहतो का? तेलाच्या भरवशावर गेलेले दिवस रुग्णास परत मिळत नाहीत, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.