नानांचे रियाल

नाना-नानी हजला निघाले की बीड, माजलगाव, परळी अशा गावांतील घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. दुआ आणि डब्यांच्या गडबडीत पैशांचा विचार मागे पडतो. कापूस विकून, वर्षानुवर्षे साठवून जमवलेली ही रक्कम असते. मुलांनो, हे काम तुम्हीच हाती घ्या.

पूर्वी हजयात्रेकरू मुंबईहून जहाजाने जात. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास 'हज नोटा' काढल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एच ए' ही अक्षरे असत. या नोटा भारतात चालत नसत. जहाजाचा प्रवास १९९५ मध्ये थांबला. पुढे बरीच वर्षे हज कमिटी प्रत्येक यात्रेकरूला २,१०० रियाल देत असे. २०२३ पासून ती पद्धतही बंद झाली. आता किती रियाल घ्यायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

रियालचा भाव रोज का बदलतो? १९८६ पासून एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल हे प्रमाण ठरलेले आहे. पण डॉलरपुढे आपला रुपया वरखाली होतो, म्हणून रियालही स्वस्त-महाग होतो. तो बँकेतून किंवा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावा आणि पावती जपून ठेवावी.

खरी फसगत नोट ओळखताना होते. अरबीतील पाचाचा अंक गोल असतो, अगदी आपल्या शून्यासारखा. आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका! उर्दूतील चार, पाच, सहा हे अंकही अरबीपेक्षा थोडे वेगळे लिहितात. त्यामुळे उर्दू वाचणारे नानासुद्धा घाईत गोंधळतात. नोटेच्या दुसऱ्या बाजूला इंग्रजी अंक असतात. ती बाजू पाहूनच पैसे द्यावेत. निघण्यापूर्वी नानांना कागदावर हे अंक काढून दाखवा, दोन-तीनदा वाचून घ्या.

सगळी रक्कम एकाच कंबरपट्ट्यात नको. निम्मी नानीजवळ द्यावी. हरममध्ये जाताना त्या दिवसापुरतेच पैसे न्यावेत, कारण तवाफच्या गर्दीत खिसा कापला तर कळतही नाही. सामानात खसखस मुळीच नको. आपल्याकडे ती मसाल्यात घालतात, पण सौदी अरेबियात तिची गणना अमली पदार्थांत होते.

हज कमिटीने दिलेले स्टीलचे कडे हातातून काढू नये. मुक्कामाच्या इमारतीचा पत्ता आणि घरचा फोन एका चिठ्ठीवर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा. मक्केत संकटाच्या वेळी ९११ हा क्रमांक लावतात. तोही त्याच चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

स्वाध्याय
१. हज नोटा इतर नोटांपेक्षा कशा वेगळ्या होत्या?
२. एक रियाल २५ रुपयांना मिळत असेल, तर ८०० रियालसाठी किती रुपये लागतील?
३. प्रवासाला निघालेल्या आजी-आजोबांसाठी चिठ्ठी तयार करा.